वेलांकण्णीचे पाहुणे

नाताळची सुट्टी जवळ आली की मराठी घरांत दोनच सूर ऐकू येतात. एक गोव्याचा आणि दुसरा ‘एवढ्या गर्दीत कुठे जायचं, घरीच बसू’ असा. आम्ही गेली सात वर्षं चेन्नईत राहतो. इथून गोवा लांब पडतो आणि घरी बसणं आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला मंजूर नसतं. त्यात गेल्या डिसेंबरात सासूबाई वांद्र्याहून महिनाभरासाठी आल्या होत्या. त्यांना तंजावर बघायचं होतं. ‘‘आपल्या भोसल्यांचं राज्य तिथे होतं, मग इतक्या जवळ येऊन बघायला नको?’’ हा त्यांचा बिनतोड सवाल. लेकीला समुद्र हवा होता आणि नवऱ्याला चार दिवस फोन न वाजणारी कुठलीही जागा.

नकाशा उघडला, तेव्हा सगळ्यांचं जमेल असं एक गाव सापडलं. तंजावरपासून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, बंगालच्या उपसागराच्या अगदी काठावर असलेलं वेलांकण्णी. तिथलं आरोग्य मातेचं चर्च म्हणजे देशातल्या कॅथलिकांचं एक मोठं तीर्थक्षेत्र. १९६२मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थावरून त्याला ‘पूर्वेकडचं लूर्द’ही म्हणतात.

आम्ही काही नवस फेडायला निघालो नव्हतो. चार दिवसांची सहल, वाटेत मंदिर, चर्च आणि समुद्र, एवढाच बेत होता. तंजावरला बृहदीश्वराच्या मंदिरात मराठी शिलालेखापुढे सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. पंचविसाच्या दुपारी आम्ही पुढे निघालो. दोन्ही बाजूंना कावेरीच्या खोऱ्यातली हिरवीगार भातशेती होती. मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, ‘‘आई, आपण तिथे पिकनिकला चाललोय की दर्शनाला?’’

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘‘दोन्हीला. पंढरपूरला गेलं की चंद्रभागेत डुंबतो, चुरमुरे-बत्तासे घेतो, बांगड्या भरतो. म्हणून काय विठोबा दर्शन देत नाही?’’

लेकीचं समाधान झालं. माझं पूर्ण झालं नव्हतं. आपलं देऊळ असलं की कुठे वाकायचं, कुठे हसायचं, कुठे खरेदी करायची हे अंगवळणी पडलेलं असतं. दुसऱ्याच्या देवाच्या दारात सुट्टीचे कपडे घालून, कॅमेरा घेऊन उभं राहायचं, तर आपण नेमके कोण असतो? हा प्रश्न मनात ठेवूनच मी गाडीतून उतरले.

ताकवाल्या मुलाची गोष्ट

संध्याकाळ झाली होती. पांढरंशुभ्र, टोकदार कमानींचं चर्च दिव्यांनी उजळलं होतं. दारोदारी चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील लटकत होते आणि जागोजागी येशूजन्माच्या गोठ्याचे देखावे मांडले होते. मी मनात वसईतल्या किंवा वांद्र्यातल्या चर्चसारखं काही धरून गेले होते. इथलं चित्र वेगळंच निघालं. दाराबाहेर चपलांचा ढीग. केसांत मोगऱ्याचे गजरे माळलेल्या, कपाळावर कुंकू असलेल्या बायका. नुकतंच मुंडण केलेली, डोक्याला चंदन फासलेली मुलं. हार, नारळ, मेणबत्त्या आणि साड्या घेतलेली माणसं. आत वेदीवरची माताही साडीच नेसलेली, कडेवर बाळ येशू. यातलं कोण ख्रिस्ती आणि कोण हिंदू, हे सांगणं मला तरी शक्य नव्हतं.

सासूबाई मात्र अगदी घरच्यासारख्या वावरत होत्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत राहायला आल्या. दर सप्टेंबरात शेजारची कोळीण त्यांना माऊंट मेरीच्या जत्रेला घेऊन जायची. कोळी लोक तिला ‘मोत माउली’ म्हणतात. माझा नवरा दोन वर्षांचा असताना काविळीने आजारी पडला होता. तेव्हा सासूबाईंनी मेणाची बाहुली तिथे वाहिली होती. तो बरा झाला तो औषधाने की माउलीने, याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. ‘‘डॉक्टरांची फी दिली आणि माउलीला बाहुली दिली. दोघांचंही देणं फिटलं,’’ असं त्या म्हणतात. देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माझा नवरा यावर फक्त हसतो.

वेलांकण्णीच्या तीन कथा इथे सगळ्यांच्या तोंडी असतात. सोळाव्या शतकात एक गुराखी मुलगा नागपट्टिनमला दूध पोचवायला निघाला होता. वाटेत तळ्याकाठी, वडाच्या सावलीत तो टेकला. तेवढ्यात कडेवर बाळ घेतलेल्या एका तेजस्वी स्त्रीने त्याच्याकडे बाळासाठी दूध मागितलं. त्याने दिलं. गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर दूध कमी का आहे हे तो सांगू लागला, तर भांडं काठोकाठ भरून वाहत होतं. दुसरी कथा पायाने अधू असलेल्या एका ताकवाल्या मुलाची आहे. त्याच्याकडे त्याच स्त्रीने बाळासाठी ताक मागितलं आणि नागपट्टिनमच्या एका सधन कॅथलिक गृहस्थाला निरोप सांगायला पाठवलं, की माझ्यासाठी इथे देऊळ बांध. मुलगा उठला आणि आपण धावतो आहोत हे त्याला वाटेत कळलं. तिसरी कथा सतराव्या शतकातली. मकाऊहून सिलोनकडे निघालेलं एक पोर्तुगीज गलबत वादळात सापडलं. खलाशांनी मातेचा धावा केला आणि ते या किनाऱ्याला सुखरूप लागले. तो दिवस ८ सप्टेंबरचा, म्हणजे मातेच्या वाढदिवसाचा. खलाशांनी इथल्या झोपडीवजा देवळाच्या जागी पक्कं प्रार्थनास्थळ बांधलं. पुढच्या फेऱ्यांत त्यांनी आणलेल्या चिनी मातीच्या बशा आजही वेदीपाशी बसवलेल्या आहेत.

लेकीला ताकवाला मुलगा आवडला. माझ्या मनात राहिलं ते मातेचं मागणं. तिने सोनं, फुलं, उपास-तापास काही मागितलं नाही. बाळ भुकेलं आहे, थोडं ताक दे, एवढंच. ज्यांच्या घरात दूधदुभतं आहे अशा कुठल्याही बाईला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

वाळूचा रस्ता

सासूबाईंनी तंजावरहून एक सुती साडी घेतली होती. ती आणि हार आत देऊन आम्ही मिस्सेला मागच्या बाकावर बसलो. भाषा तमीळ. मला अर्धी कळत होती, सासूबाईंना अजिबात नाही, पण गाण्यांवर त्यांची मान डोलत होती. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, तशी माणसं रांगेने पुढे निघाली. लेकही उठू लागली. सासूबाईंनी तिचा हात धरून हलकेच खाली बसवलं. ‘‘तो प्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचा असतो. आपण हात जोडून बसायचं,’’ त्या कुजबुजल्या. वांद्र्यातल्या शेजारणीने शिकवलेलं त्यांना इतक्या वर्षांनीही आठवत होतं.

चर्चपासून मातेच्या तळ्याच्या दिशेने वाळूचा एक रस्ता जातो. नवस बोललेली माणसं तो गुडघ्यांवर चालत पार करतात. त्या संध्याकाळी एक तरुण जोडपं तसं निघालं होतं. दोघांच्या हातात मेणबत्त्या, बाईच्या खांद्यावर झोपलेलं तान्हं मूल. दर काही फुटांवर ती थांबायची, बाळ सावरायची आणि पुन्हा पुढे सरकायची. कडेला पिवळे दोरे आणि छोटे लाकडी पाळणे बांधलेले होते. त्यांचा पाळणा कदाचित आधीच्या वर्षीचा असेल.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने मोबाइल वर केला. त्याच्या आईने काही न बोलता त्याचा हात खाली केला. मीही फोन पर्समध्ये टाकला. पाहायला कुणाची ना नव्हती. ते जोडपं आमच्याकडे बघतही नव्हतं. आम्ही फक्त दोन पावलं मागे सरकून वाट मोकळी केली. गाडीत मनात घेतलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. जिथे दुसरा माणूस गुडघ्यांवर आहे, तिथे पाहुण्याने वाट अडवू नये. बाकी त्याने तिथे असायला हरकत नाही.

सव्वीस तारखेची सकाळ

दुसऱ्या दिवशी लेक सहालाच उठून बादली आणि फावडं घेऊन तयार होती. चर्चपासून समुद्र चालत काही मिनिटांवर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची रांग लागते. शंखशिंपल्यांच्या माळा, मातेच्या तसबिरी, पत्र्याचे हात-पाय-डोळे, मेणबत्त्या, तेलाच्या बाटल्या आणि पुढे वाळूजवळ तळलेल्या मासळीच्या गाड्या.

आम्ही मेणबत्त्या घ्यायला एका दुकानाशी थांबलो. दुकानदारीण साठीची असावी. लेकीच्या हातातली बादली बघून ती म्हणाली, ‘‘थोडं थांबून जा, अम्मा. आत्ता प्रार्थनेची माणसं निघतील.’’

मग आम्हाला तारीख आठवली.

२६ डिसेंबर २००४, रविवार. मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांनी त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर चढल्या. सर्वांत मोठा घाव नागपट्टिनम जिल्ह्यावर बसला. एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. मच्छीमारांच्या वस्त्याच्या वस्त्या गेल्या. वेलांकण्णीत नाताळच्या दुसऱ्या दिवसाची गर्दी होती. कित्येकजण सकाळची मिस्सा आटोपून, मुलांना घेऊन समुद्र बघायला उतरले होते.

हे सगळं मी तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं, पेपरात वाचलं होतं. पण आम्ही नेमक्या त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच रस्त्याने, हातात प्लास्टिकची बादली घेऊन उभे होतो. तिथे उभं राहून ते ऐकणं वेगळं होतं.

दुकानदारीण तेव्हाही इथेच होती. तिचं जुनं दुकान पाण्याला आणखी जवळ होतं. त्या सकाळी ती मेणबत्त्यांचा नवा माल आणायला चर्चच्या बाजूला गेली होती. दुकानावर तिचा धाकटा दीर बसला होता. एवढं सांगून ती थांबली. मी तमिळमधून मराठीत सांगत होते, तीही थांबले. सासूबाईंनी विचारलं, ‘‘आणि चर्चमधली माणसं?’’

‘‘पाणी तिथवर आलं आणि आत शिरलं नाही. आतली सगळी वाचली,’’ ती म्हणाली. वेलांकण्णीत तुम्हाला हे कुणीही सांगेल. अनेकांसाठी तो मातेचा चमत्कार आहे. माझ्या नवऱ्याने जमिनीच्या उंचीकडे बघितलं, बोलला काही नाही. माझ्या मनात मात्र दुसराच विचार आला. वाळूत गेलेल्यांनीही तासाभरापूर्वी त्याच चर्चमध्ये हात जोडले होते. मग त्यांचं काय?

मी ते विचारलं असतं का, माहीत नाही. विचारावं लागलं नाही. तीच पुढे म्हणाली, ‘‘गावच्या माणसांना गावाने ओळखलं, अम्मा. माझा दीर मला त्याच्या हातातल्या कड्यावरून सापडला. पण पाहुणे होते ना, बाहेरगावचे, सुट्टीला आलेले, त्यांना कोण ओळखणार? त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, नावं माहीत नव्हती. काही कुटुंबं तर सगळीच गेली, शोधायला येणार कोण? त्यांना सगळ्यांना एकत्र पुरलं. आज आम्ही फुलं नेतो ती त्यांच्यासाठीही. नाहीतर त्यांचं करणारं कोण आहे?’’

सासूबाईंना मी हे मराठीत सांगितलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि तिच्या टोपलीतली शेवंती विकत घेतली. दुकानदारीण पैसे घेईना. सासूबाईंनी ते तिच्या हातात कोंबले. ‘‘धंद्याच्या दिवशी फुकट देऊ नको ग,’’ त्या मराठीतच म्हणाल्या आणि तिला ते कळलं.

थोड्या वेळाने माणसं आली. फादर, सिस्टर, शाळकरी मुलं, मच्छीमार बायका, दुकानदार. कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या हातात फुलं. घोषणा नव्हत्या, बँड नव्हता. त्सुनामीच्या स्मृतिस्तंभापाशी प्रार्थना झाली. ती एकाच धर्माची नव्हती. त्या दिवशी या किनाऱ्यावरचे मच्छीमार समुद्रात जात नाहीत. ओढून ठेवलेल्या होड्या वाळूत गप्प उभ्या होत्या.

गर्दीत आमच्यासारखी सुट्टीला आलेली बरीच कुटुंबं होती. कुणाच्या गळ्यात कॅमेरा, कुणाच्या डोक्यावर नवी टोपी, एका माणसाच्या खांद्यावर पाण्यात फुगवायची ट्यूब. सगळे रांगेत थांबले. आमची पाळी आली तेव्हा लेकीने बादली खाली ठेवली आणि आजीच्या हातातली दोन फुलं घेऊन स्तंभाशी ठेवली.

या जागी मी कोण, या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. त्या सकाळी वाळूत जे होते, त्यांच्यातले कितीतरी आमच्यासारखेच होते. त्यांनाही कुणीतरी विचारलं असेल, पिकनिक की दर्शन? त्यांच्याही पिशवीत बादली-फावडं असेल, सुका खाऊ असेल. आणि या गावाने त्यांना कधी ‘नुसते पर्यटक’ म्हणून बाजूला काढलं नाही. भाविक कोण, हौशी कोण, हिंदू कोण, ख्रिस्ती कोण, हे न विचारता ते इतकी वर्षं परक्यांचं वर्षश्राद्ध घालत आलं आहे. ज्या गावाने अनोळखी पाहुण्यांचं असं केलं, तिथे परकेपणाने कशाला वागायचं?

साडेदहाच्या सुमारास लेकीने हळूच विचारलं, ‘‘आता समुद्रावर जायचं का?’’ मी दुकानदारणीकडे पाहिलं. ती मेणबत्त्यांची रास पुन्हा नीट लावत होती. ‘‘जा, जा,’’ ती म्हणाली, ‘‘पोरं खेळली नाहीत तर आमची दुकानं कशी चालायची? फक्त पाण्यात लांब जाऊ देऊ नका.’’ लेकीने वाळूचा किल्ला केला. सासूबाई शेजारी बसून राहिल्या. नवऱ्याने पाण्याकडे पाठ केली नाही.

परतीच्या वाटेवर

सत्तावीसला निघताना आम्ही नागोरला थांबलो. नागपट्टिनमच्या पलीकडे, वेलांकण्णीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. त्याच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, सुमारे १३१ फुटांचा मिनार तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह यांनी बांधून दिला. तमीळ मुलखात, मराठा राजाने, मुस्लिम संतासाठी. मान वर करून सासूबाई म्हणाल्या, ‘‘हेही आपलंच की.’’

तुम्हीही नाताळच्या सुट्टीत वेलांकण्णीला जाणार असाल, तर चार गोष्टी सांगते. राहण्याची सोय दोन-तीन महिने आधी करा, कारण २४ डिसेंबरपासून नववर्षापर्यंत गाव भरलेलं असतं. तिथे रेल्वेने थेट जाता येतं. गाड्या सोयीच्या नसल्या तर नागपट्टिनमला उतरा, तिथून पुढचा प्रवास थोडाच आहे. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली जवळ. या भागात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा छत्री हवीच. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा उत्सवाचा काळ. तेव्हा भगवे कपडे घातलेले यात्रेकरू लांबलांबून चालत येतात. गर्दी सोसणार असेल तरच त्या दिवसांत जा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि मिस्सा चालू असताना फोटो काढू नका. वाळूच्या रस्त्यावर कुणी गुडघ्यांवर येत असेल, तर बाजूला व्हा.

समुद्रावर जरूर जा, तळलेली मासळी खा, मुलांना खेळू द्या. मात्र जाताना रस्त्यावरच्या एखाद्या दुकानातून ओंजळभर फुलं घ्या आणि स्मृतिस्तंभाशी ठेवा. तिथे ज्यांची ओळख पटली नाही ते लोक आहेत, आणि तेही आपल्यासारखेच सुट्टीला आले होते.